पोरं नेमकी शिकतात कशी

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे बातमी ठरलेली, कोकण पहिलं. 2024 ला कोकण विभागाचा निकाल 99.01 टक्के लागला, राज्याचा 95.81. विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे दोनच जिल्हे, पोरं कमी, वगैरे सगळं खरं असलं तरी अभिमान वाटतो आणि वाटायलाच हवा. मी रत्नागिरीत आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते, त्यामुळे त्या दिवशी पेढे माझ्याकडेही येतात. पण तीच पोरं दिवाळीत भेटतात, अकरावी सायन्सला गेलेली असतात, आणि सहज विचारलं की वर्गसमीकरणाचं सूत्र म्हण बघू, तर एकमेकांकडे बघून हसतात. मार्चमध्ये झोपेतून उठवून विचारलं असतं तरी घडाघडा म्हणाली असती.

मग मार्चमध्ये ती शिकलेली होती की नव्हती?

या प्रश्नावर सव्वाशे वर्षं माणसं डोकं लढवतायत, त्यातून बऱ्याच थिअऱ्या निघाल्यात, आणि डीएड बीएडला त्या शिकवतातही. गंमत म्हणजे तिथे त्या पाठ करून पेपरात उतरवायच्या असतात आणि पेपर झाला की विसरायच्या, म्हणजे माणूस शिकतो कसा हा विषय आपण त्यातलं काहीच न वापरता शिकतो. असो. माझं म्हणणं एवढंच आहे की यातली कुठलीच थिअरी एकटी पुरी पडत नाही, प्रत्येकीने शिकण्याचा एकेक तुकडा पकडलाय, आणि आपली खरी गडबड होते ती "आत्ता जमतंय ना" हे बघून आपण समाधान मानतो तिथे.

सगळ्यात जुनी मंडळी म्हणजे वर्तनवादी. यांचं म्हणणं, डोक्यात काय चाललंय ते दिसत नाही तर त्यावर बोलायचंच कशाला, बाहेर वागणं बदललं की शिकला. थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन माणसाने 1898 मध्ये मांजरं पेटीत कोंडली आणि बाहेर खाणं ठेवलं. मांजर ओरबाडतं, चावतं, मधेच चुकून कडी ओढली जाते आणि दार उघडतं. परत कोंडलं की थोडा कमी वेळ लागतो, मग आणखी कमी. ज्या करण्याने फायदा होतो ते टिकतं, बाकीचं गळून पडतं. पुढे स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हेच कबुतरं आणि उंदरांवर घासूनपुसून पक्कं केलं. शाबासकी, वहीतला स्टार, बाकावर उभं करणं, सगळं याच खात्यात जमा. पाढे, हस्ताक्षर, वेळेवर येणं अशा गोष्टींना हे चालतंही उत्तम. स्किनरचं एक निरीक्षण तर आज जास्तच लागू पडतं, की बक्षीस दर वेळी न देता कधीतरी अचानक दिलं तर सवय सगळ्यात चिवट लागते. जेट्टीवर गरी टाकून बसलेला माणूस जसा आता लागेल मग लागेल म्हणत उठतच नाही, तसं पोरांचं रील्सवर होतं, पुढची चांगली निघेल या आशेवर अंगठा चालू.

पण बक्षिसाची एक खोच आहे. 1973 मध्ये लेपर नावाचा अमेरिकन संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतली अशी मुलं घेतली ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडत होती, त्यातल्या काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर छान सर्टिफिकेट मिळेल. मिळालं पण. काही दिवसांनी बघितलं तर ही मुलं मोकळ्या वेळात चित्रांकडे बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ वळत होती. तेव्हा पोरगी आपणहून गोष्टीचं पुस्तक वाचत बसली असेल तर तिला "दहा पानं वाच मग चॉकलेट" सांगायला जाऊ नका, राहूदे तिला.

आता पियाजे. स्वित्झर्लंडचा मानसशास्त्रज्ञ, जन्म 1896. याचं म्हणणं की मूल म्हणजे रिकामी कळशी नाही, आधीपासून स्वतःची एक समजूत घेऊन बसलेलं असतं, नवीन काही आलं की आधी ते जुन्या समजुतीत कोंबून बघतं, आणि कोंबून बसेनासंच झालं की मग नाइलाजाने समजूत बदलतं. आमच्या किनाऱ्यावरच्या पोराला विचारा सूर्य रात्री कुठे जातो. समुद्रात! रोज डोळ्यांनी बघतोय तो. मग शाळेत सांगतात पृथ्वी गोल आहे आणि फिरते. पोर हो म्हणतं, पेपरात गोल लिहितं, मार्क घेतं. आत काय झालं? व्होस्निआडू आणि ब्रूअर यांनी 1992 मध्ये अमेरिकेत पहिली, तिसरी आणि पाचवीच्या 60 मुलांना नुसतं "पृथ्वीचा आकार कसा" एवढंच न विचारता खोदून खोदून विचारलं, चालत सुटलास तर कुठे पोचशील, कडेवरून पडशील का. तर काहींच्या डोक्यात पृथ्वी गोल म्हणजे भाकरीसारखी चपटी गोल होती, काहींच्या डोक्यात पोकळ चेंडू आणि आपण आत सपाट जमिनीवर, आणि काहींनी तर दोन पृथ्व्या केल्या होत्या, एक आपण राहतो ती आणि एक आकाशातली गोल. बाईंचंही खरं ठेवलं आणि डोळ्यांना दिसतंय तेही सोडलं नाही. मला हे अभ्यासातलं सगळ्यात आवडतं, कारण यात पोरं बावळट नाहीत, चांगली हुशार आहेत.

वर्गात याचा उपयोग सरळ आहे, शिकवण्याआधी विचारा. आणि उत्तर चुकलं की लगेच खोडू नका, पुढचा प्रश्न विचारा. सूर्य समुद्रात जातो ना, मग सकाळी सह्याद्रीकडून कसा वर येतो रे? रात्रीत खालून गेला? एवढ्यावर पोर पाच मिनिटं गप्प बसतं आणि ती पाच मिनिटं महत्त्वाची.

आपल्याकडे 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने हा विचार उचलला, ज्ञानरचनावाद म्हणून, आणि नंतर जिल्हा परिषद शाळांमधून त्याची लाटच आली. फरशीवर रंगवलेले तक्ते, मणीमाळा, काड्यांचे गठ्ठे, चिंचोके. काही ठिकाणी मनापासून झालं आणि पोरं खरोखर बोलती झाली. काही ठिकाणी फरश्या रंगवून झाल्या, फोटो काढून झाले, ग्रुपवर टाकून झाले आणि शिकवणं आधीसारखंच, कारण साहित्य विकत मिळतं पण पोराच्या डोक्यात काय चाललंय ते विचारायला वेळ लागतो आणि वेळ तर वरून मागवलेली माहिती भरून पाठवण्यात जातो.

पियाजेच्याच वर्षी जन्मलेला रशियातला मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की 37 व्या वर्षी क्षयाने गेला, 1934 मध्ये. तो म्हणतो एकट्या मुलाकडे बघून काय कळणार. मुलाला एकट्याला जमतं ते एक, कितीही मदत केली तरी जमणार नाही ते दुसरं, आणि या दोन्हीच्या मधे एक पट्टा असतो, कोणी हात दिला तर जमेल असा. शिकवायचं ते त्या पट्ट्यात. हात किती द्यायचा आणि कधी काढायचा हे कौशल्य, आणि काढायलाच विसरणारे पालक माझ्या बघण्यात ढीगभर आहेत, प्रोजेक्टच्या वह्या बघा कोणाच्या अक्षरात असतात त्या.

आमच्याकडच्या वाडीवस्तीवरच्या शाळा बघितल्यात? पट वीसच्या आत, शिक्षक दोन, कुठे एकच, पहिली ते चौथी एकाच खोलीत. बातम्यांमध्ये हे कायम रडगाणं म्हणून येतं आणि अडचणी आहेतच, त्या मी नाकारत नाही. पण चौथीतली पोरगी दुसरीतल्याला "अरे दशकाच्या घरातून एक उसना घे ना, मग इथे बारा झाले" असं सांगते तेव्हा ती त्याच पट्ट्यात काम करत असते, कारण दोन वर्षांपूर्वी ती स्वतः तिथेच अडकली होती, आणि सांगता सांगता तिचंही पक्कं होतं. शहरातल्या साठ पोरांच्या वर्गात हे मुद्दाम घडवून आणावं लागतं.

याच्या पुढची पायरी आपल्या स्वयंपाकघरात बघा. जीन लेव्ह या बाईंनी लायबेरियातल्या शिंप्यांकडे शिकाऊ पोरं कशी तयार होतात त्याचा अभ्यास केला, आणि 1991 मध्ये वेंगरबरोबर मिळून त्यावर मांडणी केली. तिथे दिसलं काय, तर पोरं कपडा बनतो त्याच्या उलट्या क्रमाने शिकतात. आधी बटणं, काजं, हातशिलाई, मग मशीनवर शिवणं आणि कापड बेतणं सगळ्यात शेवटी. कारण कापडावर कात्री चुकली की नुकसान मोठं, बटण चुकलं तर उसवता येतं, आणि बटण लावता लावता पूर्ण कपडा रोज डोळ्यासमोर असतो.

गणपतीत आमच्याकडे उकडीचे मोदक होतात तेव्हा हुबेहूब हेच. लहान पोरांना काम काय, तर मोदकपात्रात हळदीच्या पानावर मोदक नीट मांडणे. दोन वर्षांनी सारण भरायला मिळतं. मग कधीतरी हातावर पारी करायला देतात, ती जाड होते, फाटते, त्याचा एक तिरका मोदक होतो आणि तो ज्याचा त्यानेच खायचा असा नियम. कळ्या पाडायला त्याहून वेळ लागतो. आणि उकड काढणं, म्हणजे पाणी किती, पीठ कधी घालायचं, झाकण किती वेळ, ते घरातल्या मोठ्या बाईच्या हातून शेवटपर्यंत सुटत नाही, कारण उकड बिघडली की सगळंच गेलं. कोणी कोणाला शिकवायला बसत नाही. पोर पहिल्या दिवसापासून खऱ्या कामात असतं, फक्त कडेला असतं आणि हळूहळू आत सरकतं. शाळेत आपण उलटं करतो, आधी सगळं पीठ मळायला लावतो आणि मोदक दाखवतो दहा वर्षांनी, आणि मग पोरं विचारतात की बाई हे शिकून करायचं काय, तर त्यात त्यांची काय चूक.

पण म्हणून सगळंच करून करून शिकवायचं म्हणाल तर तेही नाही, इथे स्मरणाचा अभ्यास करणारे लोक आडवे येतात आणि त्यांचं ऐकण्यासारखं आहे. आपण एका वेळी डोक्यात फार थोडं धरू शकतो. मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1956 मध्ये साधारण सात गोष्टी म्हटलं होतं, नंतरच्या अभ्यासात हा आकडा चारच्या आसपास उतरला. आठवीच्या पोरीला बैजिक समीकरण सोडवायचंय, कुठलं पद कुठल्या बाजूला न्यायचं, चिन्ह बदलायचं, हे धरून असतानाच मधे तेरा सक किती ते येत नाही, ती बोटांवर मोजायला लागते आणि मोजून परत येईपर्यंत समीकरण सुटून गेलेलं असतं. मग घरी म्हणतात तिला बीजगणित जमत नाही. बीजगणित जमेल हो, पाढे नाहीत. घोकंपट्टी नको नको म्हणताना आपण पाढेही टाकून दिले हे मला अजिबात पटत नाही. पाठ असलेल्या गोष्टीला डोक्यात जागा लागत नाही, म्हणून विचाराला जागा उरते.

स्वेलर नावाच्या ऑस्ट्रेलियन संशोधकाने 1988 पासून हेच लावून धरलं. त्याचा निष्कर्ष असा की विषय अगदी नवीन असेल तर पोरांना "शोधा तुम्हीच" म्हणून सोडून देण्यापेक्षा पायऱ्या दाखवून सोडवलेली उदाहरणं चार-पाच नीट बघायला दिली तर जास्त फायदा होतो. आणि पोर एकदा तयार झालं की हेच उलटतं, मग सोडवलेलं उदाहरण कंटाळवाणं होतं आणि स्वतः झगडल्याचा फायदा जास्त.

बरं, मधेच एक. ट्रेनिंगला, पालकसभेला कोणीतरी सांगतंच की काही मुलं बघून शिकणारी, काही ऐकून, काही करून, आणि ज्याच्या त्याच्या प्रकाराने शिकवा. ऐकायला छान वाटतं. 2008 मध्ये पॅशलर आणि इतरांनी तोवरचा सगळा अभ्यास चाळून बघितला आणि असं प्रकाराला जुळवून शिकवल्याने जास्त येतं याला धड पुरावा सापडला नाही. आवड असते वेगवेगळी, ते खरं. पण नकाशा हा सगळ्यांनाच बघावा लागतो आणि कविता सगळ्यांनाच ऐकावी लागते.

आता येते त्या दिवाळीत हसणाऱ्या पोरांकडे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने 1885 मध्ये छापलेला प्रयोग स्वतःवरच केला होता, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती विसरतो ते बघायचं. तासाभरातच निम्म्याहून जास्त गेलेलं असायचं, आणि मग विसरण्याचा वेग मंदावायचा. म्हणजे विसरणं हा आळस वगैरे नाही, ती रीतच आहे. प्रश्न एवढाच की काय केलं तर कमी विसरतो.

रोडिगर आणि कारपिकी यांचा 2006 चा प्रयोग मी दर वर्षी नवीन बॅचला फळ्यावर मांडून दाखवते. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने वाचायची एकच फेरी केली आणि मग तीन वेळा कागद मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने विचारलं तर वाचणारे 40 वर आले आणि आठवणारे 61 वर राहिले. आणि यातली खरी मेख अशी की चार वेळा वाचलेल्यांनाच आपलं जास्त लक्षात राहील असं वाटत होतं. वाचताना सगळं ओळखीचं वाटत जातं ना, हो हो हे माहितीये, हे पण माहितीये. ओळखीचं वाटणं आणि आठवणं यात एवढा फरक आहे आणि परीक्षेच्या आदल्या रात्री हायलायटर घेऊन बसलेल्या पोराला तो कळत नाही.

दुसरा प्रयोग रोहरर आणि टेलर यांचा, 2007 चा, घनफळाच्या गणितांचा. एका गटाला एका प्रकारची गणितं सलग, मग दुसऱ्या प्रकारची सलग. दुसऱ्या गटाला सगळे प्रकार मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची 89 टक्के बरोबर, मिसळवाल्यांची 60. आठवड्याने परीक्षा घेतली, सलगवाले 20, मिसळवाले 63. वीस! आपलं दहावीचं महत्त्वमापनाचं, म्हणजे घनफळं-पृष्ठफळांचं, प्रकरण काढून बघा. सरावसंच सोडवताना पोराला कुठलं सूत्र ते शोधावंच लागत नाही, वर त्या भागाचं नाव लिहिलेलंच असतं शंकुछेद म्हणून. शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह असतो तो थोडा मिसळलेला असतो आणि नेमका तोच वेळ नाही म्हणून सोडून देतात, पण तोही एकाच प्रकरणापुरता. बोर्डाच्या पेपरात प्रश्नाच्या डोक्यावर प्रकरणाचं नाव नसतं.

मार्चचं कोडं इथे सुटतं. फेब्रुवारीत एकच एक विषय घेऊन, सलग, पुन्हा पुन्हा वाचून जे केलं जातं ते मार्चपुरतं चढतं. रॉबर्ट बियॉर्क म्हणून संशोधक आहेत, ते 1994 पासून सांगतायत की सराव करताना जे थोडं जड जातं, अडखळायला होतं, तेच पुढे टिकतं. पालकांना हे पचत नाही हे मी अनुभवाने सांगते, कारण मिसळून सराव दिला की सुरुवातीला चुका वाढतात, वहीवर लाल दिसतं, आणि फोन येतो की आधीच्या क्लासमध्ये सगळं बरोबर यायचं.

करायचं काय तर यात पैसे लागत नाहीत. माझ्याकडे तासाची पहिली दहा मिनिटं पुस्तक बंद. एक गणित कालचं, एक गेल्या आठवड्यातलं, एक गणपतीच्या सुट्टीआधीचं. मार्क नाहीत, कोणाला दाखवायचं नाही, चुकलं तर आपलं आपण दुरुस्त करायचं. शिमगा झाला की दिवाळीआधीचं काढायचं, तोपर्यंत ते बरंच गेलेलं असतं आणि तसं जाऊ लागलेलं परत ओढून आणण्यातच गंमत आहे. घरी तर याहून सोपं, पोर म्हणालं की माझं वाचून झालं, तर पुस्तक तुमच्या हातात घ्या आणि सांग बघू काय वाचलंस एवढंच विचारा. तुम्हाला विषय आला नाही तरी चालतं.

शेवटचा मुद्दा मात्र अजून कोणाला नीट सुटलेला नाही, की एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी चालतं का. आमच्या मिरकरवाड्याला, मासळीच्या बंदरावर, सकाळी जा, आईच्या शेजारी बसलेली पोरं बघा, बांगड्याचा वाटा दोनशे, तीन घेतले तर पाचशे, दोन हजाराची कोणी नोट पुढे केली असती तरी सुटे किती ते त्यातल्या एखाद्या पोरीने नोट हातात घ्यायच्या आत सांगितलं असतं. तीच पोरगी शाळेत वजाबाकीत अडते. ब्राझीलमधल्या रेसिफी शहरात 1985 मध्ये असाच अभ्यास झाला, रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा. मुलं थोडी, पण बारकाईने बघितलेलं. बाजारात विचारलेल्या हिशेबात 98.2 टक्के बरोबर, तीच गणितं नुसत्या आकड्यांत कागदावर दिली तर 36.8, आणि शाब्दिक उदाहरण करून दिली तर 73.7. त्यातल्या एका बारा वर्षांच्या मुलाला 35 ला एक असे चार नारळ विचारले तर तो म्हणाला, तीनचे 105, आणि तीस, 135, एक नारळ 35 चा, म्हणजे 140. त्यालाच पुढे कागदावर 35 गुणिले 4 दिलं तर त्याने चार पंचे वीस केले, हातचे दोन, ते आधीच तीनात मिळवले, पाच, चार पंचे वीस, उत्तर लिहिलं 200.

आणि आपल्याकडेही 2025 मध्ये बॅनर्जी, डुफ्लो आणि इतरांचा कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतला अभ्यास आला. बाजारात काम करणारी पोरं शाळेच्या पद्धतीत अडतात हे पुन्हा दिसलंच, पण उलटंही दिसलं, बाजाराचा जो हिशेब काम करणाऱ्या पोरांतल्या एक तृतीयांशाहून जास्त जणांनी बरोबर केला तो शाळेत चांगल्या असलेल्या पोरांतल्या 100 मागे एखाद्यालाच जमला. तेव्हा शाळेतल्यांनीही हुरळून जायला नको.

कोकणच्या उत्तर टोकाला, डहाणूजवळच्या बोर्डीत, ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ सोबतीला. वस्तीतली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्या शाळाच अंगणात घेऊन गेल्या, अंगणवाडी तिथली, आणि पुढे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. खडे, शिंपले, पानं हेच साहित्य. ते पोराच्या जगातून सुरू करणं होतं. पण ताराबाई तिथे थांबल्या नाहीत हे विसरायला नको, अक्षर आणि अंक त्यांना शिकवायचेच होते, कारण तोंडी हिशेब वाट्यांपर्यंत पुरतो, पण बोटीच्या कर्जाचं व्याज बँकेने कसं लावलं ते बघायला कागदच लागतो.

मग मासळीवाल्या पोरीला वर्गात काय द्यायचं? फळ्याचे दोन भाग करायचे. डावीकडे तिच्या तोंडच्या हिशेबाने 35 चे चार नारळ, ती सांगेल तसे लिहून, उजवीकडे उभी मांडणी. दोन्हीकडे 140 आलंय का ते बघायचं आणि नाही आलं तर डावीकडच्या उत्तराने उजवीकडची चूक शोधायची, तिनेच. डावीकडचे तीस आणि पाच उजवीकडे कुठे लपलेत, हातचा दोन म्हणजे खरं तर वीस आहे हे तिला तिथे दिसतं. मग वर्गातल्या इतरांना सांगायचं की आता तुम्ही तिच्यासारखं तोंडी करा, सुटे किती ते पटकन सांगा. त्यांची बोबडी वळते, आणि हे दोन्ही गटांना चांगलं.